सोनामुखीचं पाणी

बसम्मा : अहो, दुकानाची एक फळी तरी काढा. तीन दिवस झाले कुलूप हाय. भामाबाई सकाळपासून दोनदा येऊन गेली. नातू झालाय तिला, गुटीची पुडी पायजे म्हणती.

ईश्वरप्पा : पुडी न्हाई म्हणून सांग.

बसम्मा : न्हाई कशी? डबा भरून हाय, मीच बांधल्यात की मागच्या सोमवारी. घाटनांदुरात लेकरू जलमलं की पहिली पुडी ईश्वरप्पाच्या जडीबुटीच्या दुकानातून, अन् ती बी फुकट. मामंजीपासनं चालत आलंय ते. आता काय नवीन?

ईश्वरप्पा : न्हाई म्हणलं ना एकदा! संपल्या.

बसम्मा : बरं बाई, संपल्या. माज्यावर कशाला वरडता? नात आली ना घरी? दोन रात्री अंबाजोगाईला दवाखान्यात काढल्या, सलाईन लागलं, पर आली. अडीच महिन्याचं लेकरू. तिच्या हातातली ती सुई बघून मपला जीव कसा झाला ते मलाच मालूम. आता गोड माना अन् दोन घास खा.

ईश्वरप्पा : रडायलीय कावून ती?

बसम्मा : भूक लागली असंल. दवाखान्यातलं साखर-मिठाच्या पुडीचं पाणी चमच्यानं द्यायलीय प्रणिता. सोमेश्वर परळीला गेलाय दुधाच्या पावडरचा डबा आणायला. येईल तासाभरात.

ईश्वरप्पा : अन् आईचं दूध?

बसम्मा : ते बंद केलंय कालपासून. वाटीत पिळून टाकायलीय बिचारी. पदर भिजतोय, डोळे भिजतेत. पर काय करती? उदगीरहून तिच्या आईचा फोन आलता. दूध बाधलं म्हणली. मला बी तसंच वाटतंय. त्याबिगर चांगलं खेळतं लेकरू एकाएकी पाण्यासारखं हागायला लागंल का?

ईश्वरप्पा : डॉक्टरीणबाईनं तर पाजत ऱ्हावा म्हणून सांगितलंतं.

बसम्मा : डॉक्टरीण सांगून मोकळी. लेकरू आपलं हाय. एकदा पावडर सुरू झाली की आठ दिवसात दूध आटून बी जाईल. सुटली एकदाची.

ईश्वरप्पा : बसम्मा, तिला जाऊन सांग. दूध तोडू नको म्हणावं. आत्ताच्या आत्ता पाज म्हणावं.

बसम्मा : मी सांगू? अन् इचारलं कुणी सांगितलं, तर सासऱ्यानं म्हणू? अहो, लग्न होऊन दीड वर्स झालं, तुमी तिच्याशी धड चार शब्द बोलला न्हाईत. चहा पायजे असला तर भिंतीला सांगता. अन् आज एकदम दुधाचं? बायांच्या गोष्टीत कावून शिरता तुमी?

ईश्वरप्पा : बस हितं.

बसम्मा : भाकरी टाकायची हाय मला.

ईश्वरप्पा : ऱ्हाऊ दे भाकरी. बस म्हणलं ना. अन् हळू बोल. तिच्या दुधात काय न्हाई. मी दिलतं.

बसम्मा : काय दिलतं?

ईश्वरप्पा : सोनामुखी. जुलाबाची.

बसम्मा : कुणाला?

ईश्वरप्पा : आता कुणाला म्हणून इचारतीस?

बसम्मा : शिव शिव शिव! अहो, ती तर मोठ्या माणसाला बी तुमी धा सवाल केल्याबिगर देत न्हाईत. पोटुशी बाईला तर त्या पुडीला हात लावू देत न्हाईत. अन् अडीच महिन्याच्या जिवाला? कवा दिली? मी कुटं मेलते?

ईश्वरप्पा : तू सकाळी महादेवाला जातीस. ती न्हाणीत असती. सोमेश्वर मालाला जातो. पोरगी मपल्याकडं असती, ओट्यावर, उन्हात.

बसम्मा : म्हणून तिला तुमच्याकडं देतो आमी. आजा हाय म्हणून.

ईश्वरप्पा : हां. आजा हाय म्हणून.

बसम्मा : एकदा दिली?

ईश्वरप्पा : तीनदा. तीन सकाळ. पानं रातभर भिजवायची, सकाळी गाळून चमच्यानं द्यायची. पहिल्या दिवशी जराशी. काय झालं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्याच्याहून जास्त. तरी न्हाई. मग तिसऱ्या दिवशी डबल, वर एरंडेलाची दोन बोटं.

बसम्मा : तुमच्या हाताला काय झालतं का हो? मामंजीनं गुटीत सोनामुखी कधी घातली का?

ईश्वरप्पा : न्हाई. बाप म्हणायचा, लेकराच्या गुटीत ती घालणाऱ्यानं दुकान बंद करावं. मी बी चाळीस वर्सांत कुणाच्या लेकराला दिली न्हाई. घरच्याला दिली.

बसम्मा : मग कावून? कावून दिली?

ईश्वरप्पा : नऊ दिवस झालते. शी न्हवती झाली तिला.

बसम्मा : ते तर प्रणितानं सांगितलंतं की. नर्सबाईनं तिला समजावलंतं, नुसतं आईचं दूध पिणाऱ्या लेकराला आठ आठ, धा धा दिवस होत न्हाई. पोट मऊ हाय, पितंय, लघवी करतंय, खेळतंय, तर काय द्यायचं न्हाई. तुमी पुडी पाठवली तवा तिनं हेच सांगून परत दिली. मीच आणून ठिवली ना तुमच्या गल्ल्यावर?

ईश्वरप्पा : ठिवलीस. गिऱ्हाइकं उभी असताना ठिवलीस. गहिनीनाथ बघत व्हता. म्हणला, काय शेठ, सून फुकट बी घेईना का तुमची पुडी? सगळे हसले. मग रोज तेच. आला की पहिलं इचारायचा, झाली का हो नातीला? साऱ्या गावाची पोटं साफ करता, अन् घरचं गाठोडं सुटंना तुमच्याकडून! चहाच्या टपरीवर, बसस्टँडवर, जिकडं जावं तिकडं तेच.

बसम्मा : तो गहिनीनाथ आख्ख्या गावाची टिंगल करतो. त्याच्यापायी?

ईश्वरप्पा : त्याच्यापायी.

बसम्मा : पोट तरी फुगलंतं का तिचं? मला तर दिसलं न्हाई.

ईश्वरप्पा : न्हाई फुगलं. हात फिरवला की मऊ लागायचं, लोण्यासारखं. मला कळत व्हतं बसम्मा. चाळीस वर्सं पोटंच बघतोय मी लोकांची. हसत व्हती ती मपल्याकडं बघून, चमचा तोंडाला लावला तवा. आता फिकीर व्हती म्हणून दिली असं म्हणलो तर खोटं बोललो. मला लाज वाटायलीती, म्हणून दिली.

बसम्मा : अन् तिसऱ्या दिवशी?

ईश्वरप्पा : नवाच्या सुमारास झाली. पहिल्यांदा. मी गहिनीनाथला हाक मारून बोलावलं अन् गुळाचा खडा दिला हातावर. म्हणलं, खा, झालं गाठोडं मोकळं. छाती फुगलीती मपली. अन् दुपारपर्यंत दहा लंगोट झाले. संध्याकाळी पोरीचे डोळे आत गेले.

बसम्मा : महादेवा! दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं किती वेळा इचारलं हो. गुटी दिली का, घासा दिला का, बाहेरचं काय पाजलं का. तुमी तिथंच खुर्चीला धरून उभे व्हता.

ईश्वरप्पा : व्हतो.

बसम्मा : अन् प्रणिता म्हणली, लेकराच्या शपथ, काय दिलं न्हाई.

ईश्वरप्पा : ऐकलं मी ते. सोमेश्वर व्हता, उदगीरचे पाव्हणे व्हते. म्हणलं, सलाईन तर लागलंच हाय, पोरगी तर बरी व्हायलीय, आता सांगून काय? दोन दिवस झाले, हेच घोळवतोय डोक्यात. पर आता ती दूध तोडायलीय. त्या दुधाचा काय कसूर?

बसम्मा : आता माजं ऐका. झालं ते झालं. पोरगी वाचली. आता तोंड उघडलं तर सोमेश्वर तुमचं तोंड बघणार न्हाई. व्याही काय म्हणतील? अन् दुकान? उद्या कोण घेईल तुमच्या हातची पुडी? पावडर पिऊन बी लेकरं वाढतात. कितीतरी वाढल्यात.

ईश्वरप्पा : ज्याला आई न्हाई त्याला पावडर. हिची आई पडद्याआड बसून दूध वाटीत पिळायलीय. चल ऊठ. दाराशी चल. मी सांगतो तसं तिला सांग.

बसम्मा : अन् तुमी?

ईश्वरप्पा : मी पडद्याच्या अलीकडं उभा ऱ्हातो. बाळंतिणीच्या खोलीत मी कसा जाऊ?

बसम्मा : बगा बाई नवल. सोनामुखी पाजताना लाज न्हाई, अन् पडदा उचलायला लाज!

ईश्वरप्पा : बोल. लई बोल. पर चल.

(बाळंतिणीच्या खोलीला जुन्या साडीचा पडदा. आत प्रणिता, मांडीवर रडणारी संस्कृती. बाहेर ईश्वरप्पा, आणि उंबऱ्यावर बसम्मा.)

बसम्मा : प्रणिता, अगं जागी हाय का?

प्रणिता : या ना आत्याबाई. ही झोपू देते का? चमचा लावला की तोंड फिरवते. छातीकडंच तोंड खुपसायलीय. मी काय करू, सांगा.

बसम्मा : मामा आलेत. बाहेर हायेत.

प्रणिता : थांबा, पदर घेते. हं. काय म्हणतात मामा?

ईश्वरप्पा : सांग तिला, दूध पाज म्हणावं. तिच्या दुधात काय खोट न्हाई.

बसम्मा : मामा म्हणतेत, पोरगी लई रडायलीय. सोमेश्वर येईपर्यंत पाजून बघ म्हणतेत.

ईश्वरप्पा : बघ न्हाई! पाजच म्हणावं. खोट न्हाई त्यात.

प्रणिता : काय म्हणाले? हिच्या रडण्यात ऐकू येईना.

बसम्मा : काय न्हाई. डॉक्टरीणबाई पाज म्हणलीती ना, तेच.

प्रणिता : डॉक्टरांना काय माहीत, आत्याबाई? मी त्यांना सगळं सांगितलं कुठं? एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. यांनासुद्धा नाही.

बसम्मा : कोणची गोष्ट?

प्रणिता : मामा असतील तर नको.

बसम्मा : बोल बाई. ते काय... ते लांब हायेत.

प्रणिता : शेजारच्या वच्छलाबाईंनी धपाटे पाठवले होते. तुम्ही महादेवाला गेला होता. सोबत वाटीभर दही होतं. तुम्ही आंबट खायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं होतं. मला राहवलं नाही हो. अडीच महिने नुसती बाजरीची भाकरी, खसखशीची खीर, शेपू. मी दारामागं उभी राहून खाल्लं. वाटी बोटानं चाटूनपुसून खाल्ली. कुत्र्यासारखी. अन् दुसऱ्या दिवशी हिला सुरू झालं.

बसम्मा : दही?

प्रणिता : वाटीभर. माझ्या जिभेपायी लेकराच्या हाताला सुई टोचली. तीनदा टोचली, शीर सापडेना. मी तिचा हात धरून ठेवला होता. तुम्हाला तोंड दाखवायला लाज वाटते मला. म्हणून म्हणलं, आता हे दूधच नको. माझं काही तिच्या पोटात जायलाच नको.

बसम्मा : अगं बाई. तरीच! मी म्हणलं, असं कसं एकाएकी. दह्याचंच हाय मग ते. आंबट दुधात उतरतं, मी सांगितलंतं ना तुला? ऱ्हाऊ दे आता, रडू नको. झालं ते झालं. पुन्यांदा असं करू नको.

ईश्वरप्पा : बसम्मा!

बसम्मा : तुमी गप बसा.

ईश्वरप्पा : दह्याचं न्हाई म्हणून सांग तिला.

बसम्मा : मामा म्हणतेत, मनाला लावून घेऊ नको. खाल्लं तर खाल्लं. ते कुणाला सांगणार न्हाईत.

ईश्वरप्पा : मी असं म्हणलो?

प्रणिता : मामांनी ऐकलं सगळं? आत्याबाई, तुम्ही लांब आहेत म्हणालात! आता मी कुठं तोंड लपवू?

ईश्वरप्पा : प्रणिता!

बसम्मा : अहो, काय करता? सरळ हाक मारता सुनेला?

ईश्वरप्पा : प्रणिता, मी ईश्वरप्पा बोलतोय. ऐक बाई. तू तोंड लपवू नको. दह्यानं काय झालं न्हाई. मी दिलतं पोरीला. सोनामुखीचं पाणी. तीन सकाळ, तू न्हाणीत असताना. तिसऱ्या दिवशी डबल दिलं. त्यानं जुलाब लागले. तुज्या दुधानं न्हाई, दह्यानं न्हाई. मपल्या हातानं.

बसम्मा : झालं. सांगून टाकलं. आता बसा बोंबलत.

ईश्वरप्पा : तू गुटीची पुडी परत पाठवलीस, त्याची मला गावात लाज वाटली. म्हणून दिलं. पोरीला काय त्रास न्हवता. मला दिसत व्हतं, तरी दिलं. ऐकतीस ना?

बसम्मा : ऐकलं तिनं. प्रणिता? रड, वरड, पर पोरीला अशी आवळून धरू नको.

प्रणिता : आत्याबाई, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

बसम्मा : आत्ता कळलं ग. महादेवाची आण. पाव तास झाला नसंल.

प्रणिता : पाव तास. आणि त्या पाव तासात तुम्ही माझ्या दह्यावर ढकलून मोकळ्या झालात.

बसम्मा : चुकलं बाई. मपला नवरा हाय तो. तोंडातून निघून गेलं.

प्रणिता : मामा.

ईश्वरप्पा : हां.

प्रणिता : शेवटचं कधी दिलं होतं?

ईश्वरप्पा : मंगळवारी. सकाळी आठला. त्याच्यानंतर थेंब न्हाई.

प्रणिता : त्यात अजून काही होतं?

ईश्वरप्पा : एरंडेल. दोन बोटं. बाकी काय न्हाई. खरं सांगतोय.

प्रणिता : खरं तर तुम्ही दवाखान्यात पण सांगू शकला असता. डॉक्टर तुमच्याकडं बघून विचारत होत्या, मामा. माझ्याकडं नाही. आजोबांचं दुकान आहे का काष्ठौषधीचं, म्हणून विचारलं त्यांनी. आणि मी तुमच्या आधी बोलले. आमच्या घरात कुणी असं करणार नाही म्हणाले. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली मी, तुमच्यासाठी! तुम्ही माझी शपथ खोटी पाडली.

ईश्वरप्पा : पाडली.

प्रणिता : कालपासून मी या वाटीत दूध पिळतेय. बाहेर ऐकू येत नसेल, पण आत्याबाईंनी बघितलंय. दूध भरून छाती दगड झाली माझी. ही रडते अन् मी तिचं तोंड धरून बाजूला करते. माझं लेकरू मला मागत होतं आणि मी त्याला ढकलत होते. हे कोणाच्या डोक्यावर घालू मी?

ईश्वरप्पा : मपल्या.

प्रणिता : तुम्ही जेवत नाही म्हणून काल मला वाईट वाटलं, माहीत आहे? म्हणलं, मामांचा किती जीव आहे नातीवर. यांना पण म्हणाले मी तसं. आता त्याची पण लाज वाटतेय.

बसम्मा : जीव हाय ग त्यांचा. न्हाई कसा?

प्रणिता : असेल. पण गहिनीनाथांपेक्षा कमी आहे.

ईश्वरप्पा : बरोबर बोललीस. बसम्मा, तू मधी बोलू नको. तिला बोलू दे. मला काय म्हणायचं ते म्हणू दे.

प्रणिता : मला काही म्हणायचं नाही. आत्याबाई, हा फोन घ्या. डॉक्टरीणबाईंचा नंबर आहे यात, वरच. लावून मामांच्या हातात द्या. मी बोलणार नाही. मामांनीच सांगायचं, सगळं, पहिल्यापासून. आणि विचारायचं, आता दूध द्यायचं का. मी या खोलीतून ऐकते.

बसम्मा : अगं, डॉक्टरीण काय म्हणंल? अंबाजोगाईभर होईल. आपलं दुकान...

प्रणिता : लावा आत्याबाई.

ईश्वरप्पा : आण इकडं. वाजतोय का? हां, हॅलो. नमस्कार बाई. मी ईश्वरप्पा बोलतोय, घाटनांदूरहून. संस्कृतीचा आजा... न्हाई, बरी हाय, जुलाब थांबलेत. लघवी करती, हां. तुमी त्या दिवशी इचारलंतं, बाहेरचं काय दिलं का म्हणून. दिलतं... मी. मीच. सोनामुखी. पानं, भिजवून... तीन दिवस... अडीच महिने, हो, मालूम हाय मला... न्हाई, सुनेला ठाऊक न्हवतं. तिला काय बोलू नका. तिनं शपथ घेतली ती खरी म्हणून घेतली. मपल्या दुकानातलंच, हो... हो बाई... ऐकायलोय... बोला, बोला तुमी, ऐकायलोय... बरोबर हाय तुमचं. जीव गेला असता, हो... बाई, एकच इचारतो. आईचं दूध तोडलंय कालपासून, माज्यापायीच. ते आता... आत्ताच? दही खाल्लं तर? न्हाई का, काय बी खाऊ द्या? हां. उद्या घेऊन येतो. मी सोता येतो. ठिवतो.

प्रणिता : काय म्हणाल्या?

ईश्वरप्पा : आत्ताच पाज म्हणल्या. थांबू नको म्हणल्या, दुधासारखं औषध न्हाई तिला आता. पावडर नको. दही खा, धपाटे खा, तुज्या खाण्यानं काय होत न्हाई म्हणल्या. शी धा दिवस न्हाई झाली अन् पोरगी खेळत असली, तर घरातल्या म्हाताऱ्यांना लांब ठिव म्हणल्या. उद्या सकाळी आणून दाखवा म्हणल्या.

बसम्मा : लई बोलल्या का हो तुमाला?

ईश्वरप्पा : बोलल्या. थोडंच बोलल्या, मी केलं त्या मानानं.

प्रणिता : यांना मी फोन करते, डबा आणू नका म्हणून. का आणू नका, ते घरी आल्यावर तुम्ही सांगा मामा. मी नवऱ्याला त्याच्या बापाचं सांगणार नाही.

ईश्वरप्पा : मी सांगतो. दारातच सांगतो.

बसम्मा : अहो, पोरगा अंगावर येईल तुमच्या. निदान चहा तरी पिऊ द्या त्याला आधी.

ईश्वरप्पा : येऊ दे. अन् तू भामाबाईला बी बोलावून घे उद्या. तिला सांगतो, पुडी नको नेऊ, लेकराला आईचं दूध पुरं हाय. कावून म्हणून इचारलं, तर ते बी सांगतो.

बसम्मा : गावभर दवंडीच पिटा की मग!

ईश्वरप्पा : गाव हसू नये म्हणून तर हे सगळं झालं. हसू दे आता.

प्रणिता : आत्याबाई, आत या. पाठीला उशी लावा मला. आणि पडदा ओढून घ्या नीट.

बसम्मा : आले बाई, आले. असं टेक. हां, डोकं जरा वर धर तिचं. अगं, तोंड फिरवायलीय ही! एका दिवसात इसरली का काय?

प्रणिता : घे ना ग. घे राणी. मीच आहे. नाही ढकलत आता, घे.

बसम्मा : थांब, गालाला लाव. तसं न्हाई, खालून. हां... हां... बघ.

ईश्वरप्पा : बसम्मा? रडायची थांबली ती. कावून थांबली? अगं, बोल की!

बसम्मा : वरडू नका. पितीय.

ईश्वरप्पा : खरंच पितीय?

बसम्मा : खरंच. मुठी आवळून पितीय बगा. नाकानं फुसफुस करायलीय.

प्रणिता : आत्याबाई, मामांना सांगा. पोरगी पितेय म्हणावं. पण मला आज त्यांच्याशी बोलवत नाही.

बसम्मा : अहो, ती म्हणायलीय...

ईश्वरप्पा : ऐकलं मी. नको बोलू म्हणावं. पिऊ दे पोरीला.